कुत्र्याला फिश ऑइल की कॉड लिव्हर ऑइल?
परळची मैत्रीण अडलीये, तिच्या लॅब्रॅडॉरची कातडी कोरडी पडलीये तर यातलं काय द्यावं. ओमेगा-३, म्हणजे कातडीला चांगलं असलेलं फॅट, दोन्हीत आहे गं, खरा फरक सेफ्टीचा. कॉड लिव्हर ऑइल म्हणजे कॉड माशाच्या लिव्हरचं तेल, त्यात व्हिटॅमिन ए आणि डी पण असतं, ते अंगात साठत जातं आणि पॅकेटच्या डॉगफूडमध्ये आधीच घातलेलं असतं, मग डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढून किडनीवर येतं. फिश ऑइल जास्त झालं तरी जुलाब होतात, पण हा साठण्याचा धोका नाही. मुंबईच्या उकाड्यात दोन्ही खवट होतात, फ्रिजमध्येच ठेव. आणि माणसांचं फ्लेवरवालं अजिबात नको, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) असेल तर जिवावर बेतेल!

पॅकेटफूड खाणाऱ्याला साधं फिश ऑइल, डोस वजन बघून डॉक्टरच सांगतील. घरचं चिकन-भात खाणाऱ्याला व्हेटने ए-डी कमी पडतंय म्हटलं तरच कॉड लिव्हर.