शार्त्र की रूआं? पॅरिसजवळचा एक शनिवार-रविवार

मुलाकडे किंवा मुलीकडे महिनाभर पॅरिसला आलेल्या मंडळींचा ठरलेला प्रश्न असतो. आयफेल झाला, लूव्र झालं, व्हर्सायही उरकलं, आता एक शनिवार-रविवार मोकळा आहे, जवळचं एखादं जुनं गाव सांगा. माझ्याकडे दोन नावं तयार असतात, शार्त्र आणि रूआं. दोन्ही गावांना रेल्वेने जाता येतं, दोन्हीकडे नावाजलेलं कॅथेड्रल आहे आणि आत शिरायला पैसे पडत नाहीत. बाकी दोन्हींत साम्य फारसं नाही.

शार्त्र नैर्ऋत्येला, मोंपार्नास स्टेशनवरून तासा-सव्वा तासावर. बोस या प्रदेशातल्या सपाट गव्हाच्या रानातून जाताना गावाआधी कॅथेड्रलचे दोन मनोरे दिसतात. एक साधा, 105 मीटरचा. दुसरा नक्षीदार, 113 मीटरचा, सोळाव्या शतकात चढवलेला. 1194 च्या आगीनंतर मुख्य इमारत तीसेक वर्षांत उभी राहिली, म्हणून ती एकाच हातची वाटते. पण खरी दौलत खिडक्यांची. रंगीत काचा बहुतांशी बाराव्या-तेराव्या शतकातल्याच आहेत. 1939 मध्ये युद्धाच्या तोंडावर त्या उतरवून सुरक्षित ठेवल्या, म्हणून वाचल्या.

बहुतेक लोक अकराला येतात, पाऊण तास माना वर करतात, जेवतात आणि तीनच्या गाडीने परततात. ही चूक करू नका. आत शिरल्यावर आधी नुसता अंधार दिसतो. डोळे सरावायला दहा मिनिटं लागतात, मग तो प्रसिद्ध निळा रंग उमलतो. सकाळी पूर्वेच्या काचा जिवंत असतात, दुपारी दक्षिणेच्या, संध्याकाळी पश्चिमेचं मोठं गोल गवाक्ष पेटतं. म्हणजे एकच वास्तू दिवसातून तीनदा बघायची. छोटी दुर्बीण न्या, नाहीतर वरच्या चित्रांतलं काही कळणार नाही. वसंत ते शरद या काळात रात्री इमारतींवर रंगीत प्रकाशचित्रं टाकतात. मुक्काम केला तरच ती बघायला मिळतात.

अर नदीकाठची जुनी धोबीघरं, आणि रेमों इसिदोर या स्मशानभूमीतल्या कामगाराने फुटक्या कपबश्यांच्या तुकड्यांनी भिंतींपासून फर्निचरपर्यंत मढवलेलं घर (हिवाळ्यात बंद) बघितलं की गाव संपतं. लहान मुलं रविवारी सकाळीच कंटाळतील.

रूआंला कोणी कंटाळत नाही. सें-लाझारवरून सुमारे दीड तास. सेन नदीकाठचं हे नॉर्मंडी प्रांतातलं शहर बघायचं ते पायांनी. लाकडी चौकटीची, एकमेकांकडे कललेली घरं गल्ल्यागल्ल्यांत आहेत. आपल्या वाड्यांचे खांब आणि तुळया आठवतात, फक्त इथे लाकूड भिंतीबाहेर मिरवतं. रस्त्यावरच्या कमानीत ग्रो-ऑर्लोज हे जुनं घड्याळ आहे. बाजारचौकात 30 मे 1431 ला फ्रान्सची वीरकन्या जोन ऑफ आर्क हिला जाळलं. तिथे आता 1979 चं आधुनिक चर्च आहे, बाहेरून विचित्र, पण आत सोळाव्या शतकातल्या काचा. काही जणांना ते अजिबात आवडत नाही. मला आवडतं. सें-माक्लूचं अंगण मात्र चुकवू नका. प्लेगच्या काळातली दफनभूमी, भोवतीच्या लाकडी तुळयांवर कवट्या-हाडं कोरलेली. मुलांना ते फार आवडतं, आजीला कदाचित नाही.

इथलं कॅथेड्रल चित्रकार मोनेने 1892-93 मध्ये तिसाहून अधिक वेळा रंगवलं. 151 मीटरच्या शिखरामुळे 1876 ते 1880 ही जगातली सर्वांत उंच इमारत होती. 11 जुलै 2024 ला दुरुस्ती चालू असताना त्याच शिखराला आग लागली, सुदैवाने लवकर आटोक्यात आली. फोटोसाठीच जाणार असाल तर परांची उतरली का, ते आधी बघून घ्या. एका मनोऱ्याला ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. ईस्टरआधीच्या उपासात लोणी खायची मुभा मिळावी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशांतून तो बांधला, असं सांगतात. उपासाला पळवाट शोधण्यात आपण एकटे नाही.

पाऊस मात्र रूआंची खोड आहे. फ्रेंच लोक या शहराला ‘नॉर्मंडीचं मुताचं भांडं’ म्हणतात. छत्री न्याच. ललित कला संग्रहालयाचा कायमचा संग्रह फुकट आहे, तेवढा आडोसा पुरतो. खाण्यातही रूआं पुढे: कामांबेर चीज, सफरचंदाचा टार्ट, साइडर ही सफरचंदाची सौम्य दारू. शाकाहारी असाल तर कुट्टूच्या पिठाचा गॅलेट (धिरड्यासारखा) मागा, त्यात हॅम नको हे मात्र बजावून सांगा.

आता ठरवायचं कसं? मुलं बरोबर असतील किंवा शनिवारच्या आधी निघता येणार नसेल, तर रूआं. एका लांब दिवसातही ते बरंच पदरात पडतं. एकटे किंवा दोघंच असाल, एका जागी बसून राहायला आवडत असेल आणि शुक्रवारी सकाळीच सुटका होत असेल, तर शार्त्र. शुक्रवारच का? तिथल्या फरशीत तेरा मीटर व्यासाचा चक्रव्यूह आहे. एकच वाट, चुकायची सोय नाही, चालून मध्यावर पोहोचायचं. एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. वसंत ते शरद या काळात शुक्रवारी दिवसा त्या हलवतात. शनिवारी पोहोचलात तर खुर्च्यांचे पायच बघाल.

आणि एक. ईस्टरनंतर सातव्या आठवड्याअखेरीस, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाला, हजारो भाविक पॅरिसहून तीन दिवस चालत, शंभरेक किलोमीटर कापून शार्त्रला पोहोचतात. वारीची आठवण यावी अशी गर्दी. ती बघायचीच असेल तर खोली फार आधी धरा. नाहीतर त्या आठवड्यात मुकाट्याने सें-लाझारची गाडी पकडा.