‘15 केव्हीए’ सांगून विकला, घराला मिळाले 5

घरात सिंगल फेज कनेक्शन (विजेची एकच फेज वायर आणि एक न्यूट्रल) आहे आणि कोणी जुना थ्री-फेज जनरेटर गळ्यात मारू पाहतंय, अशी वेळ आली असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. इंदूरला राजेंद्र नगरमधल्या आमच्या घरी असा सेट आला. पैसे तर अडकलेच, वर अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, ऑक्सिजनचं मशीन जळालं.

गरज खरी होती. जूनच्या वादळात लाइट गेली की तासन्‌तास येत नाही, आणि इन्व्हर्टरवर एसी किंवा पाण्याची मोटर चालत नाही. नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं. नेमकी तेव्हाच लाइट गेली तर वरची टाकी कोरडी. आम्ही विक्रेत्याला कागदावर लिहून दिलं होतं: सिंगल फेज कनेक्शन, दीड टनाचे दोन एसी, एक एचपीची मोटर, फ्रिज, ऑक्सिजनचं मशीन. त्याने कोटेशनवर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘15 केव्हीए, 240 व्होल्ट, 62 अँपिअर’ (केव्हीए हे जनरेटरच्या ताकदीचं माप). तोंडी म्हणाला, “तीन फेज है मैडम, तिगुनी ताकत. सिंगल करवाना हो तो जब बोलो कर देंगे.” दुकानात बल्बांचा मोठा बोर्ड लावून सेट चालवूनही दाखवला.

लबाडी त्या 62 आकड्यात होती. थ्री-फेज सेटवर लिहिलेले 15 केव्हीए ही तिन्ही फेजची बेरीज असते. एका फेजच्या वाट्याला 5 केव्हीए, म्हणजे 240 व्होल्टवर जेमतेम 21 अँपिअर. 15,000 ला सरळ 240 ने भागलं की 62 येतात, पण तेवढा करंट अशा सेटच्या एका फेजमधून कधीच घेता येत नाही. दुकानातले बल्ब तिन्ही फेजवर सारखे वाटलेले होते, म्हणून सेट दणक्यात चालताना दिसला. पंधरा केव्हीए खोटे नव्हते. ते आमच्या घराला मिळणार नाहीत, हे ठाऊक असूनही त्याने दडवलं.

घरी दोन एसी चालू असताना मोटर लावली की ब्रेकर पडायचा. पडणारच, मोटर सुरू होताना क्षणभर एरवी लागणाऱ्या करंटच्या पाच-सहा पट ओढते. तक्रार केल्यावर त्याचा मिस्त्री आला आणि आधी म्हणाला, तिन्ही फेजच्या वायरी एकत्र जोडून देतो. हे कोणालाही, कधीही करू देऊ नका. कोणत्याही दोन फेजमध्ये 415 व्होल्ट असतात. त्या जोडणं म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट. माझा मामेभाऊ देवासच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. त्याने फोनवरच ते थांबवलं. मग मिस्त्रीने घराचा लोड तीन फेजमध्ये वाटला: दोन एसी दोन फेजवर, बाकी सगळं तिसऱ्यावर. वाटणी रीतसर केली तर चालते, पण याने सगळ्या घराचा न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची सामाईक परतीची वायर, नुसता पीळ मारून, टेप गुंडाळून सोडला होता.

तो सांधा तापून सुटला. न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर लोड कमी, तिथला व्होल्टेज 240 वर थांबत नाही, 415 च्या दिशेने चढतो. मोटर बंद होती, त्यामुळे हलका फेज नेमका अण्णांच्या मशीनचा आणि फ्रिजचा होता. मशीन, फ्रिजचं कार्ड, टीव्ही, सगळं एकदम गेलं. घरात भरलेला सिलिंडर होता म्हणून अण्णांचा श्वास सांभाळता आला. हे लिहिताना अजूनही संताप होतो. आजारी माणूस घरात आहे हे त्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मामेभाऊ येऊन त्याने सेट तपासला तेव्हा बाकीचं उघड झालं. अल्टरनेटरच्या, म्हणजे सेटमधल्या वीज तयार करणाऱ्या भागाच्या, माहितीच्या प्लेटवर नवा रंग फासलेला. तो खरवडल्यावर खाली स्पष्ट अक्षरं: 3 फेज, 415 व्होल्ट, 20.9 अँपिअर. टर्मिनल बॉक्समध्ये वाइंडिंगची (आत गुंडाळलेल्या तारांची) सहाच टोकं. बारा टोकं बाहेर काढलेला अल्टरनेटर जाणकार माणूस सिंगल फेजसाठी जोडून देऊ शकतो, आणि तेव्हाही पूर्ण 15 नव्हे, फार तर दोन-तृतीयांशापर्यंत मिळतात. सहा टोकांवर बारा टोकांएवढी सोय नसते, आणि पूर्ण 15 तर मिळतच नाहीत. म्हणजे ‘जब बोलो कर देंगे’ हीसुद्धा थाप.

चेंजओव्हर स्विचचे (घर लाइनवर की जनरेटरवर, हे बदलणाऱ्या स्विचचे) पैसे घेऊन त्याने नुसते दोन ब्रेकर शेजारी बसवले होते. दोन्ही चुकून एकदम चालू राहिले तर जनरेटरची वीज उलट खांबावर जाते आणि तिथे काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतते. एका वेळी एकच बाजू लागेल, आणि फेजसोबत न्यूट्रलही बदलला जाईल, असाच चेंजओव्हर हवा. यात तडजोड नको.

म्हणून सेट बघायला जाल तेव्हा आधी प्लेट वाचा, फोटो काढा. रंग लावलेली असेल तर तिथूनच परत फिरा. चाचणी एकाच फेजवर मागा: दोन गीझर लावून वर मोटर चालू करायला सांगा, टाँग टेस्टरने (वायरला चिमट्यासारखा लावायच्या मीटरने) करंट आणि व्होल्टेज दोन्ही बघा. ‘सिंगल फेजवर इतके अँपिअर’ हे बिलावर लिहून घ्या, आणि बिल जीएसटी नंबर व मशीनच्या सीरियल नंबरसह पक्कं घ्या. आम्हाला त्याने पक्कं बिल देतो देतो म्हणत कच्च्या पावतीवर टोलवलं होतं.

विक्रेता आजही म्हणतो, मशीन पंधराचीच आहे. आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतो आहोत. वस्तूसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. अर्जाला त्याच्या अक्षरातलं कोटेशन आणि खरवडलेल्या प्लेटचा फोटो जोडला आहे: एकावर 62 अँपिअर, दुसऱ्यावर 20.9.