ऑनलाइन एम. ए. (मराठी), तीन सत्रांनंतर : गोव्यातून प्रवेश घेणाऱ्यांसाठी

परराज्यातल्या एका विद्यापीठाचा हा दोन वर्षांचा कोर्स. चार सत्रं, ८० क्रेडिट. फोंडा, म्हापसा आणि काणकोण इथून आम्ही चौघे नोकरी सांभाळून करतोय आणि तीन सत्रं झाली आहेत. विद्यापीठाचं नाव मुद्दाम देत नाही. अभ्यास साहित्य बरं, शिकवणं कामचलाऊ, आणि 'विद्यार्थी सहाय्य' म्हणजे तक्रारीचं तिकीट लवकरात लवकर बंद करायची सोय. अडलेलं काम स्वतः पाठपुरावा करून सोडवायची तयारी असेल तरच फी भरा.

आधी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात कुठेच धड लिहिलेली नसते. 'दूरस्थ' आणि 'ऑनलाइन' हे यूजीसीच्या लेखी दोन वेगळे प्रकार आहेत. राज्य विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या राज्याच्या हद्दीतच चालवता येतो, ऑनलाइनला हद्दीचं बंधन नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठाचा दूरस्थ कोर्स सावंतवाडीच्या मावशीचा पत्ता देऊन घ्यायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पदवी पडताळणीच्या वेळी तो पत्ता गळ्याशी येतो. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र तिन्ही जुळतात का ते पाहा. विद्यापीठाला मान्यता आहे म्हणून त्याच्या प्रत्येक कोर्सला असते असं नाही. (हॉटेल मॅनेजमेंट आणि केटरिंग दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मुळात परवानगीच नाही. कळंगुटपासून कोळव्यापर्यंत जाहिराती पाहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.)

'शनिवार-रविवारी अभ्यास करूनही पुरतं' असं समुपदेशक फोनवर सांगतात. एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. ८० क्रेडिटचे २,४०० तास, दोन वर्षांच्या १०४ आठवड्यांत आठवड्याला २३ तास. प्रत्यक्षात १२-१४ तासांत निभावतं, पण तेसुद्धा फक्त शनिवार-रविवारी बसत नाहीत.

आता अभ्यास साहित्य. मजकूर जाणत्या माणसांनी लिहिलाय. मध्ययुगीन वाङ्मय आणि भाषाविज्ञानाचे घटक तर चांगलेच आहेत. घोळ पीडीएफचा आहे. निम्म्या पुस्तिका युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेल्या आहेत. पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. परिणाम असा की 'शोधा'मध्ये 'महानुभाव' टाकलं तर काही सापडत नाही, उतारा कॉपी केला की रोमन अक्षरांची भेळ मिळते, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर ती भेळच वाचून दाखवतो. भाषाविज्ञानाच्या एका पुस्तिकेत फाँट फाइलमध्ये अंतर्भूतच केलेला नाही, त्यामुळे ध्वनिचिन्हांच्या जागी मोबाइलवर रिकामे चौकोन दिसतात. त्यावर उपाय म्हणजे पीडीएफची पानं ३०० डीपीआयच्या चित्रांत बदलायची आणि टेसेरॅक्टसारख्या ओसीआरमध्ये (चित्रातला मजकूर ओळखणारी प्रणाली) भाषा 'मराठी' निवडून ती वाचून घ्यायची. जोडाक्षरं आणि रफार तपासावे लागतात, पण शोधता येईल असा मजकूर हाती येतो. जुन्या फाँटचे कन्व्हर्टरही मिळतात, मात्र फाँट नेमका कोणता हे माहीत हवं. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये 'फाँट्स' उघडलं की नाव दिसतं.

मजकुरात एक उणीव खटकते. १६१६ साली रायतूरला छापलेल्या क्रिस्तपुराणाला दोन परिच्छेद, आणि गोव्यातल्या बाकी मराठी परंपरेला तेवढेही नाहीत. त्यासाठी पणजीला पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय गाठा. पुस्तिकांच्या शेवटच्या संदर्भसूचीतली बरीच पुस्तकंही तिथेच शोधलेली बरी, विद्यापीठाच्या 'ई-ग्रंथालया'त ती नाहीत.

थेट व्याख्यानांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. चार क्रेडिटच्या पेपरला सहा झाली, त्यातली दोन आधीच्या तुकडीची ध्वनिचित्रफीत होती. रेकॉर्डिंग आठवड्याने येतं आणि सत्र संपताच काढून टाकतात. पावसात लाईट जाणाऱ्या गावांत राहत असाल तर रेकॉर्डिंग आलं की त्याच दिवशी टिपणं काढा. स्वाध्यायाची मुदत चतुर्थीच्या आठवड्यात पडली तर ती वाढत नाही, हे गृहीत धरूनच चाला.

खरी कसोटी परीक्षेची आहे. अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला किमान ७० टक्के भार असतो, त्यामुळे स्वाध्यायांवर तरून जाता येत नाही. परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर, बंदिस्त ब्राउझरमध्ये (संगणकावरचं बाकी काही वापरू न देणाऱ्या) होते आणि उत्तरं मराठीत टंकायची असतात. तीन तासांत पाच प्रश्न, प्रत्येकी साधारण ३८० शब्द, म्हणजे १,९०० शब्द. मिनिटाला २५ शब्दांचा वेग असेल तर नुसत्या टंकनाला ७६ मिनिटं. वेग १२ असेल तर १५८ मिनिटं जातात आणि विचाराला २२ मिनिटं उरतात. विषय येऊनही मुलं इथेच मार खातात, पण या वेगाबद्दल विद्यापीठ प्रवेशाच्या वेळी चकार शब्द काढत नाही.

त्यात हा ब्राउझर एक्स्टेन्शन बंद करतो. गूगल इनपुट टूल्सचं एक्स्टेन्शन वापरून वर्षभर लिहिणाऱ्याला परीक्षेच्या दिवशी कळफलकच नसतो. फक्त विंडोजमधला कळफलक चालतो. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे मराठी भाषा जोडायची, तिच्या ऑप्शन्समध्ये कीबोर्ड निवडायचा. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक) पूर्वीपासून आहे, फोनेटिक (रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे टंकायचा) विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून आलं. भाषा बदलायला विंडोज की आणि स्पेसबार दाबतात, पण काही बंदिस्त ब्राउझर विंडोज कीच निकामी करतात. म्हणून परीक्षा सुरू करण्याआधी मराठी हाच चालू कळफलक ठेवा आणि सराव चाचणीत 'ऱ्य', 'ॲ', 'ज्ञ' उमटतात का ते पाहा. नवीन शिकणार असाल तर सरळ इनस्क्रिप्ट शिका. रोज अर्धा तास, तीन महिने.

मदत कक्षाची पद्धत अशी: तिकीट टाकलं की दोन दिवसांत 'आपला प्रश्न संबंधित विभागाकडे पाठवला आहे' असं उत्तर येतं आणि तिकीट 'निकाली' दिसू लागतं. संबंधित विभागाला स्वतःचं तिकीट खातं नाही. तिथेच प्रश्न बेवारस होतो. सर्वांत जास्त वेळा घडणारा प्रकार म्हणजे स्वाध्याय जमा करूनही गुण शून्य किंवा निकाल राखून ठेवलेला. कारण बहुधा हेच की फाइल चढते, पण जुना आणि सुधारित अशा दोन पेपर-कोडपैकी चुकीच्या कोडखाली. पावतीवरचा कोड हॉल तिकिटावरच्या कोडशी जुळवून पाहा, आणि 'सबमिटेड'वर थांबू नका, स्थिती 'इव्हॅल्युएटेड' होईपर्यंत दर आठवड्याला बघा.

तिकिटाबरोबरच परीक्षा विभागाला ईमेल करा. विषयातच नोंदणी क्रमांक, पेपर-कोड आणि सत्र लिहा, एका ईमेलमध्ये एकच तक्रार ठेवा, पावतीचा तारखेसह स्क्रीनशॉट जोडा. दोन आठवडे उत्तर नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. यूजीसीच्या एप्रिल २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक विद्यापीठात ती असावीच लागते आणि तिने तक्रार मिळाल्यापासून कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालाकडे (विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेला) अपील. मात्र 'गुण कमी पडले, पुन्हा तपासा' एवढंच म्हणणं लोकपाल ऐकत नाही, निकालावर परिणाम करणारी नेमकी अनियमितता दाखवावी लागते. चुकीच्या कोडचा स्क्रीनशॉट तिथे कामी येतो. विद्यापीठ सरकारी असेल तर स्वतःच्या उत्तरपत्रिकेची प्रत माहिती अधिकारात मागता येते, सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल तसाच आहे.

प्रवेश अजून घेतला नसेल तर आधी नाव दुरुस्त करा. आता प्रवेशाला डीईबी आयडी लागतो आणि तो १२ अंकी एबीसी आयडीवरून (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे मिळालेले क्रेडिट जमा होणारं खातं) निघतो, म्हणजे मुळात आधारवरचं नाव. गोव्यात आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं आणि जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं तिसरं हे घरोघरी आहे. नाईकच्या शेवटी कुठे 'के', कुठे 'क्यूयूई', शिरोडकरची सुरुवात कुठे 'एस'ने, कुठे 'एक्स'ने. लग्नानंतर नाव बदललेल्यांचा घोळ वेगळाच. मदत कक्ष सांगतो, 'प्रतिज्ञापत्र चढवा'. ते चढवून प्रवेश होतो, पण एबीसी खात्यात क्रेडिट जमा होत नाहीत, कारण तिथे नाव जुळवणारी यंत्रणा प्रतिज्ञापत्र वाचत नाही. गोव्यात नावबदलासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे आणि त्याची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे होते. नुसत्या स्पेलिंगचा फरक असेल तर दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण मानून आधार बदलून घ्या, मग एबीसी, मग डीईबी आयडी. हा क्रम उलटा झाला तर पहिल्या सत्राचे क्रेडिट तिसऱ्या सत्रापर्यंत खात्यात दिसत नाहीत.