चौकाची स्पर्धा: एका टप्प्यात की दोन?

चौक बदलायचा आणि आराखडे खुल्या स्पर्धेतून मागवायचे, इथवर ठरलं असेल, तर पुढचा पेच असा: कागदावरच निकाल लावून मोकळं व्हायचं, की आधी कागदावर तीन-चार आराखडे निवडायचे, ते रस्त्यावर तात्पुरते मांडून बघायचे आणि मग ठरवायचं? कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर, म्हणजे वास्तुविशारदांची देशपातळीवरची नियामक संस्था, हिच्या स्पर्धा-नियमांत एक टप्पा, दोन टप्पे, दोन्ही बसतात. रस्त्यावरची मांडणी मात्र आपण होऊन दुसऱ्या टप्प्यात घालावी लागते. मुंबईपुरतं बोलायचं तर दोन्ही गोष्टी सुट्या सुट्या झालेल्या आहेत. २०१९च्या ‘मुंबई स्ट्रीट लॅब’मध्ये महापालिकेने पाच रस्त्यांसाठी स्पर्धेतून आराखडे मागवले. वांद्र्याचं एचपी जंक्शन आणि मालाडची मीठ चौकी इथे स्पर्धा नव्हती, पण पक्कं काम करण्याआधी तात्पुरती मांडणी करून चौक तपासला गेला.

एका टप्प्याचं मोठं सुख म्हणजे वाचलेला वेळ आणि स्पर्धकांची गर्दी. जाहिरात, दीड-दोन महिने, परीक्षक मंडळ, निकाल. विद्यार्थी आणि लहान कार्यालयं हौसेने उतरतात, कारण दुसऱ्या फेरीचा भार अंगावर नसतो. कल्पना भरपूर हव्या असतील आणि बांधकाम अजून लांब असेल, तर हेच पुरे. काही गोष्टी तर कागदावरच जास्त नीट कळतात. पाणी, उदाहरणार्थ. कोपऱ्यावर पदपथ पुढे काढला की जुनी गटाररेषा आत अडकते आणि नव्या कर्बला, म्हणजे पदपथाच्या उभ्या कडेला, डबकं साचतं. एप्रिलमध्ये रस्त्यावर वाहतुकीचे शंकू लावून ते दिसणार नाही. उतार आणि पातळ्या दाखवणाऱ्या नकाशावर दिसतं.

पण नडतो तो फीडर पिलर.

जंक्शनच्या कोपऱ्यावरचं वीज कंपनीचं ते लोखंडी कपाट. बहुतेक वेळा झाडाखाली, म्हणून उपग्रह चित्रात दिसत नाही, आणि आयोजकांनी आधारनकाशा म्हणून तेच चित्र वाटलेलं असतं. चांगलं सर्वेक्षण दिलं तरी १:२०० प्रमाणाच्या नकाशावर सव्वा मीटरचं कपाट म्हणजे सहा मिलिमीटरचा चौकोन. परीक्षकांची नजर त्यावरून घसरते. शेजारी रंगवलेला बाक आणि फुललेला बहावा जिंकतो. काम सुरू झालं की कळतं, की कपाट हलवायचं तर वीज कंपनीचं अंदाजपत्रक, अनामत, केबलचे नवे जोड, वीजबंदीची परवानगी. तेवढं थांबायला ठेकेदार तयार नसतो. तो पदपथ कपाटाला वळसा घालून ओततो आणि नेमका तो कोपरा, ज्यासाठी बक्षीस मिळालं, तोच हातचा जातो. त्याहून वाईट म्हणजे कपाटामागे उभं राहिलेलं मूल डावीकडे वळणाऱ्या चालकाला दिसत नाही. नकाशात तो चौकोन असतो, रस्त्यावर ती भिंत असते.

शंकू मांडले की हे पहिल्या सकाळीच लक्षात येतं. माझा कल दोन टप्प्यांकडे आहे तो मुख्यतः यासाठी. ज्यांच्या चौकात वाहिन्या आणि कपाटं आधीच हलवलेली आहेत, त्यांना हे तितकं लागू नाही.

दुसरा टप्पा मात्र कष्टाचा आहे. निवडलेल्यांना मानधन द्यावंच लागतं, नाहीतर उरतात फक्त मोठी कार्यालयं. वाहतूक पोलिसांची परवानगी आधी हवी. फक्कीने रेषा आखा, मग शंकू, आणि जिथे बस वळते तिथे पाणी भरलेले प्लास्टिकचे बॅरियर. नुसते शंकू रात्रीत चिरडतात किंवा नाहीसे होतात. दोन अडथळ्यांतली फट मोठी राहिली की दुचाकी आत आलीच. नव्वद सेंटिमीटरच्या खाली आणली तर व्हीलचेअर अडते. रंग लावणार असाल तर त्यात बारीक वाळू मिसळा, पहिल्याच सरीत तो निसरडा होतो. पहिले दोन दिवस सगळेच गोंधळतात, तेव्हाची वाहनं-पादचाऱ्यांची मोजणी धरू नका. आठवडा जाऊ द्या, आणि एक बाजाराचा दिवस त्यात येऊ द्या.

पोलिसांशी बोलताना सुशोभीकरण हा शब्द टाळलेला बरा. सेकंदांत बोला. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. २४ मीटरचा रस्ता ओलांडायला २० सेकंद लागतात, कोपरे पुढे आणून तो १८ मीटरवर आणला तर १५. सिग्नलच्या दर फेरीला वाचलेले पाच सेकंद त्यांना लगेच पटतात.

लोकांचं मतदान दोन्हीकडे घेता येतं. फरक इतकाच, की पडद्यावर लोक चित्राला मत देतात आणि चौकात, रिक्षास्टँड कुठे गेला म्हणून भांडतात. ते भांडण निकालाआधी झालेलं सोयीचं.

एक टप्पा निवडा की दोन, नियमपत्रिकेत एक ओळ असू द्या: विजेत्याला तपशीलवार आराखड्याचं आणि प्रत्यक्ष जागेवरच्या देखरेखीचं काम मिळेल, आणि त्याचा मोबदला किती. ती नसेल तर बक्षीस एकाला, निविदा दुसऱ्याला, आणि कर्बची उंची १५० मिलिमीटर ठेवायची की जुनीच चालू द्यायची हे मुकादम ठरवतो.