टस्कनीच्या सायकल सहलीसाठी घेतलेलं मार्ग आखायचं ॲप: आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात मी या ॲपचं वर्षाचं सदस्यत्व घेतलं ते एकाच कामासाठी. मला आणि दादाला इटलीतल्या टस्कनी प्रांतातला लेरोईकाचा मार्ग सायकलवरून करायचा होता. १९९७ मध्ये गायोले इन किआन्ती या गावातून ही जुन्या सायकलींची राईड सुरू झाली. तिच्या २०९ किलोमीटरच्या वर्तुळावर आता कायमचे फलक लावलेले आहेत, त्यामुळे राईडचा दिवस नसला तरी कुणीही जाऊ शकतं.

आमचा पहिला बेत तीन दिवसांचा होता. पुण्यात रविवारी शंभर किलोमीटर होतातच, मग सत्तर काय अवघड, असा हिशोब. ॲपमधल्या चढ-उतारांच्या आलेखाने तो मोडला आणि त्याबद्दल मी या ॲपची कायम ऋणी राहीन. पूर्ण वर्तुळात साडेतीन हजार मीटरहून जास्त चढ आहे. सिंहगड एकदा चढला की संपतो. इथले बरेचसे चढ दोन-तीन किलोमीटरचे, पण एक उतरलं की समोर दुसरा उभा. मग किलोमीटर बाजूला ठेवून रोजचा चढ हजार मीटरच्या आत बसेल असे चार दिवस पाडले. हे केलं नसतं तर वाटेतल्या मोन्ताल्चीनो गावाला पोचेपर्यंत आमचे पाय संपले असते.

रस्त्याच्या पृष्ठभागाबाबत मात्र ॲप तोकडं पडलं. ते तिथल्या बिनडांबरी पांढऱ्या रस्त्यांना सरसकट ‘कच्चा’ म्हणतं. आपल्याकडच्या कच्च्या रस्त्याशी यांचा काही संबंध नाही. चुनखडीची खडी दाबून केलेले हे रस्ते सपाटीवर छान पळतात, पण तीव्र चढावर वरची सुटी खडी घात करते. असियानोच्या पुढे मोन्ते सान्ते मारीएचा ११.५ किलोमीटरचा पट्टा लागतो. २००७ पासून होणाऱ्या स्त्रादे बिआंके या व्यावसायिक शर्यतीमुळे तो प्रसिद्ध आहे. तिथे उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरायचं. बसून, वजन मागे ठेवून, एकसारखा जोर लावत जावं लागतं. एका वळणावर मी थांबलेच. दादा मागून ओरडला, “उतर गं, ढकल! इथे ढकलण्यात लाज नाही.” हनुवटीवरून घाम टपकत होता आणि साखळीवर पिठासारखी पांढरी धूळ बसली होती. सायकली भाड्याने घेताना ३२ मिलिमीटरचे रुंद टायर मागितले होते, ते इथे वसूल झाले.

दोन सेटिंग्ज आधीच बदला. ‘रोड सायकल’ निवडलं की ॲप डांबरी रस्ता शोधतं आणि सिएना ते बुओनकोन्वेन्तोसाठी थेट कास्सिया या हमरस्त्यावर ढकलतं. तिथे ट्रक अंगावरून जातात. ‘ग्रॅव्हल’ म्हणजे खडीच्या रस्त्याचा पर्याय ठेवा. सरासरी वेगही कमी करा. आम्ही ताशी १८ धरला होता, पांढऱ्या रस्त्यावर जेमतेम १२ पडला. रादा गावाजवळ एकदा ॲपने आम्हाला द्राक्षमळ्याच्या बंद फाटकापाशी नेलं. खासगी रस्ता, चार किलोमीटर उलटं. त्यानंतर मूळ मार्गाचे फलक दिसतील तिथे मी फोन खिशातच ठेवला.

काही गोष्टी ॲप सांगतच नाही. फ्लॉरेन्स–सिएना रीजनल रेल्वेगाडीत सायकल चालते, पण तिचं वेगळं तिकीट काढावं लागतं. गावातली दुकानं दुपारी एकच्या सुमारास बंद होतात, ती साडेतीन-चारलाच उघडतात. बुओनकोन्वेन्तोला दीडला पोचलो तेव्हा आमच्याकडे दोन केळी होती. पुढचे सगळे दिवस ब्रेड आणि पेकोरीनो चीज सकाळीच घेतलं.

ऑफलाइन नकाशे दरीतही चालले, याचे पूर्ण गुण.

सदस्यत्व परवाच वाढवलं. पुढच्या मे महिन्यात टस्कनीतलंच वाल दोर्चा हे खोरं करायचंय. पिएन्झापासून सुरुवात, आणि पहिला दिवस ४५ किलोमीटर, ८०० मीटर चढाचा ठेवलाय.