मिडजर्नीतील प्रॉम्प्टलेखन: डोळ्यांना दिसेल तेवढेच लिहावे

मिडजर्नी हे शब्दांतील वर्णनावरून चित्रे तयार करणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन आहे. जुलै २०२२ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले तेव्हा डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच, आज्ञा टंकून वापरावे लागे. ऑगस्ट २०२४ पासून संकेतस्थळावरही कोणालाही खाते उघडता येऊ लागले आणि जून २०२५ मध्ये चित्राची चलतफीत करण्याची सोय आली. मुखपृष्ठे, दिवाळी अंकांतील सजावट किंवा छोट्या चित्रफिती करणाऱ्या मराठी मंडळींना हे साधन घ्यावे की नाही, असा प्रश्न पडतो. माझ्या मते त्याचे उत्तर साधनापेक्षा वापरणाऱ्याच्या लिहिण्यावर अधिक अवलंबून आहे, म्हणून हे परीक्षण मुख्यतः प्रॉम्प्टविषयीच, म्हणजे साधनाला लिहून द्यायच्या वर्णनाविषयीच आहे.

चित्रे आणि त्यांच्यासोबतचे शब्द यांच्या असंख्य जोड्यांवरून अशी साधने शिकलेली असतात. त्यामुळे ज्या शब्दाला चित्रात काही दृश्य रूप आहे, तोच शब्द खऱ्या अर्थाने काम करतो. ‘अप्रतिम’, ‘जिवंत वाटणारे’, ‘जगातील सर्वोत्तम’ अशी विशेषणे कितीही ओतली तरी त्यांतून एकही वस्तू, रंग किंवा कोन ठरत नाही. कंपनीची स्वतःची सूचनाही हीच आहे की वाक्ये लहान व साधी असावीत आणि मागण्यांची लांब यादी टाळावी. ‘कोकणातील सुंदर घर’ एवढेच लिहिले, तर ते सुंदर कशामुळे, हे साधन आपल्या मर्जीने ठरवते. त्याऐवजी जांभ्याच्या तांबूस, छिद्राळ चिऱ्यांची भिंत, उतरते मंगलोरी कौलांचे छप्पर, पागोळ्यांनी भिजलेली ओटी, मागे दोन माड, पावसाळी दुपारचा सावलीहीन उजेड आणि माणसाच्या उंचीवरून समोरून पाहणारी नजर, असे लिहिले म्हणजे त्यातील प्रत्येक तुकडा पडताळता येतो. चित्र चुकले, तर नेमका कोणता तुकडा चुकला, हेही कळते. विशेषतः उजेड आणि नजरेचा कोन ही दोन अंगे बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि चित्राचा भाव मात्र बहुतांशी त्यांवरच ठरतो. संख्याही स्पष्ट द्यावी; नुसते ‘माड’ लिहून किती माड उगवतील, हे सांगता येत नाही.

प्रॉम्प्ट इंग्रजीत दिलेला बरा. मात्र आपल्याकडील वस्तूंची नावे इंग्रजी लिपीत टाकून भागेल, असे समजू नये. नऊवारी नेसलेली बाई हवी असेल, तर काष्टा मागे कसा खोचला आहे, पोटऱ्यांवर कापड कसे विभागले आहे, काठ किती रुंद आहे आणि पदर कोणत्या खांद्यावर आहे, हे सांगावे. सोबत संदर्भचित्र जोडण्याची सोय आहे. स्वतः काढलेले एखादे छायाचित्र अशा वेळी पानभर वर्णनाचे काम करते.

नकाराबाबत विशेष जपावे. ‘टेबलावर केक नको’ असे साध्या वाक्यात लिहिले, तर केक येण्याचीच शक्यता अधिक, असे कंपनीच्या मार्गदर्शिकेतच म्हटले आहे, कारण नकारापेक्षा वस्तूचे नाव प्रभावी ठरते. नको असलेल्या गोष्टी प्रॉम्प्टच्या शेवटी ‘नो’ (--no) या खुणेनंतर स्वतंत्रपणे द्याव्या लागतात. चित्राच्या रुंदी-उंचीचे प्रमाणही तिथेच सांगायचे असते. ते न सांगितल्यास चौरस चित्र मिळते. ‘स्टायलाइझ’ ही खूण मात्र सर्वांत काळजीपूर्वक वापरण्यासारखी आहे. तिचे मूल्य ० ते १००० असते आणि काही न लिहिल्यास ते १०० धरले जाते. हे मूल्य म्हणजे साधनाने स्वतःहून किती सजवावे, याची मुभा होय. माहितीपर चित्रांसाठी ते खाली ठेवून सोबत साधनाची स्वतःची सजावट कमी करणारी ‘रॉ’ पद्धत निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन. नाहीतर साध्या ओटीवरही सिनेमातील सोनेरी किरणे पडतात आणि जागेचा खरेपणा जातो. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीतील ‘ड्राफ्ट’ पद्धत निम्म्या खर्चात कच्ची चित्रे देते. शब्द पारखण्यासाठी ती उत्तम आहे.

चलतफितीचा प्रॉम्प्ट हा वेगळाच लेखनप्रकार आहे. येथे चित्र आधीच समोर असते, म्हणून त्याचे पुन्हा वर्णन करण्यात शब्द वाया जातात. लिहायची असते ती केवळ हालचाल. काय हलते, कोणत्या दिशेने, किती वेगाने, आणि कॅमेरा स्थिर आहे की पुढे सरकतो, एवढेच सांगावे. फीत पाच सेकंदांची असते आणि प्रत्येक वेळी सुमारे चार सेकंद, असे चारदा वाढवता येते. म्हणजे पाच सेकंदांत एकच कृती मावते. ‘बाई दार उघडते, बाहेर येते, तुळशीला पाणी घालते आणि हसते’ ही पाच सेकंदांची नव्हे, चार स्वतंत्र फितींची सामग्री आहे. ‘पागोळ्या सरळ खाली पडतात, माडांच्या झावळ्या किंचित हलतात, कॅमेरा स्थिर’ हा मात्र पाच सेकंदांचा प्रॉम्प्ट आहे. हालचाल कमी की जास्त, असा पर्यायही मिळतो. निसर्गदृश्यांसाठी आणि चेहऱ्यांसाठी कमी हालचालच निवडावी, कारण हालचाल वाढली की आकार विस्कटण्याचा धोकाही वाढतो.

मुखपृष्ठावरील देवनागरी अक्षरे या साधनाकडून काढून घेऊ नयेत. जोडाक्षरे आणि मात्रा यांचे काम अक्षररचनाकाराचेच आहे. प्रॉम्प्टमध्ये फक्त शीर्षकासाठी वरच्या बाजूस मोकळे आकाश मागून घ्यावे. शैली सांगताना हयात चित्रकाराचे नाव लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. त्याऐवजी जलरंग, खरखरीत हातकागद, लिनोकट किंवा दोन रंगांची ठसेछपाई असे माध्यम सांगावे. त्याने चित्रही अधिक नेमके येते. डिस्ने आणि युनिव्हर्सल या चित्रपट कंपन्यांनी जून २०२५ मध्ये या कंपनीवर स्वामित्वहक्काचा दावा दाखल केला आहे, हेही प्रकाशकांनी विसरू नये.

सर्वांत स्वस्त वर्गणी महिन्याला १० डॉलर आहे. तिच्यात मिळणारा जलद वेळ, म्हणजे रांगेत न थांबता काम करून घेण्यासाठी दिलेला संगणकाचा ठराविक वेळ, चित्रांसाठी पुरेसा आहे, पण फितीच्या एका कामाला चित्राच्या कामाच्या सुमारे आठपट वेळ खर्ची पडतो, म्हणून फिती करणाऱ्यांना तो लवकर अपुरा पडेल. शिवाय केलेली चित्रे इतरांनाही दिसतात, आणि ती खाजगी ठेवण्याची सोय फक्त वरच्या दोन महागड्या वर्गण्यांत आहे. प्रकाशनापूर्वी मुखपृष्ठ गुप्त ठेवायचे असेल, तर हा खर्च आधीच हिशोबात धरावा. केवळ सजावटीची चित्रे हवी असणाऱ्यांनी एका महिन्याची साधी वर्गणी घ्यावी आणि सगळे कच्चे काम ‘ड्राफ्ट’मध्येच उरकावे.