आडतीतला लॅपटॉप, घरचा लॅपटॉप: पैसे आधी कशावर घालायचे?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या मारुती चौकात शिरलं, तेव्हा आमचं तळमजल्यावरचं घर पाण्यात गेलं. जुना लॅपटॉप कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता, तोही गेला. त्या दिवाळीत एकाच दुकानातून एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप आले. एक शेठनी मार्केट यार्डातल्या हळदीच्या आडतीसाठी घेतला, तिथे मी दिवाणजी आहे. दुसरा मी घरी घेतला, मुलीच्या अभ्यासासाठी. दोन्हींत आठव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि १ टीबीची फिरती हार्ड डिस्क.

पाच वर्षांनी दोन्ही रखडायला लागले. यंत्र तेच, वय तेच, पण दुखणं अगदी वेगळं. म्हणून ‘लॅपटॉप स्लो झालाय, काय करू?’ असं कुणी विचारलं, की मी आधी विचारतो, तो बसतो कुठे? साफसफाई, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क), रॅम, बॅटरी हे चार खर्च सगळेच सांगतात. कुठला आधी करायचा, हे तुमच्या टेबलावरून ठरतं.

आडतीतला लॅपटॉप सकाळी नीट चालायचा. मार्चात सौदे जोरात असतात. दुपारी शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदासाठी, रांगेत उभे असायचे, आणि नेमका तेव्हाच पंखा घोंघावायला लागायचा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक नोंद टाकली की कर्सर गरगरत राहायचा. शेठनी कुणाकडून तरी ऐकलं होतं, म्हणून आम्ही आधी एसएसडी बसवली. चालू व्हायला वेळ लागेना, सगळे खूश झाले. आठवड्याभरात मोठा सौदा आला आणि दुपारी तीनला तेच रडगाणं सुरू झालं. हा क्रम आमचा चुकला.

मग दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर मागचं झाकण उघडलं. पंख्याची हवा जिथून बाहेर पडते, तिथे धातूच्या पातळ पट्ट्यांची जाळी असते. त्या जाळीवर पंख्याच्या बाजूने पिवळट तपकिरी नमदा बसला होता. चिमट्याने धरल्यावर तो पापुद्र्यासारखा एकसंध निघाला, आणि नाकाजवळ नेला तर हळदीचा वास आला. पोत्यांची हलवाहलव दिवसभर चालते, ती भुकटी हवेत असते आणि पंखा ती ओढत राहतो. प्रोसेसर आणि त्याची उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी यांच्यामधली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे पोचवणारा लेप) खडूसारखी सुकून भुगा झाली होती. उष्णता बाहेर जायलाच वाट नव्हती. अशा वेळी प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो. एसएसडी कितीही वेगवान असली तरी इथे तिचा इलाज चालत नाही.

ब्रश, ब्लोअर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि नवी पेस्ट, एवढंच लागलं. शेकड्यांत भागलेलं काम. ब्लोअर मारताना त्याने पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं होतं. हवेच्या झोतावर पंखा भरधाव फिरला तर तो बिघडू शकतो. घरी करणार असाल तर हे विसरू नका.

घरच्या लॅपटॉपला धूळ फारशी नव्हतीच. तो पहिल्या मिनिटापासूनच संथ असायचा. बटण दाबून चहा टाकावा, चहा प्यावा, तरी पडद्यावरची चिन्हं पूर्ण आलेली नसत. टास्क मॅनेजर (कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला तर डिस्कच्या रकान्यात सतत १०० टक्के. मिनिटाला ५,४०० फेरे फिरणारी डिस्क सलग मोठी फाईल सेकंदाला साधारण १०० एमबीने वाचते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली विखुरलेल्या जागांवरून उचलाव्या लागतात, आणि तिथे तिचा जीव निघतो. साधी साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या पुढे जाते. तिच्यात फिरणारा भागच नाही, त्यामुळे विखुरलेल्या फायलींचं तिला ओझं होत नाही. घरच्या लॅपटॉपला याच एका बदलाने नवं आयुष्य मिळालं. त्याची आधी साफसफाई केली असती तर पैसे गेले असते आणि फरक पडला नसता.

तेव्हा खूण अशी धरा: सकाळी बरा आणि तापल्यावर रखडणारा लॅपटॉप आधी उघडून साफ करा. पहिल्यापासून संथ आणि डिस्क कायम १०० टक्क्यांवर असेल, तर आधी एसएसडी. गिरणी, हळद-गुळाची आडत, बांधकामाशेजारचं ऑफिस, सुतारकाम, अशा ठिकाणी बसणाऱ्या यंत्रात दोन्ही दुखणी एकदम असू शकतात. तिथेही साफसफाई आधी करा, कारण ती स्वस्त आहे आणि झाकण एकदा उघडलं की आत एसएसडीला, रॅमला कोणती जागा आहे तेही कळतं.

रॅमचं थोडक्यात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तरच खर्च करा. ४ जीबीवर ब्राउझर आणि टॅली एकत्र चालवणं आता जिकिरीचं आहे, ८ जीबी हवीच. पण काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, ती वाढत नाही. रॅमचे डीडीआर-३, ४ आणि ५ हे प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत. एसएसडी की रॅम, यांत एकच परवडत असेल तर आधी एसएसडी घ्या. ती उद्या लॅपटॉप मोडीत काढला तरी केसमध्ये घालून बॅकअपसाठी वापरता येते. जुनी रॅम तशी कामाला येत नाही.

बॅटरीचा निर्णय मात्र वेगळाच आहे. घरचा लॅपटॉप कायम चार्जरला लावलेला असायचा. एक दिवस टचपॅड दाबला जाईना, निरखून पाहिलं तर तो एका बाजूने उचललेला. बॅटरी फुगली होती. अशी बॅटरी दिसली तर वेगाचा विचार बाजूला ठेवा: चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, ती दाबू किंवा टोचू नका, आणि बदलेपर्यंत तो वापरू नका. आम्ही घाईत स्वस्तातली ‘जुळणारी’, म्हणजे दुसऱ्याच कंपनीची, बॅटरी घेतली. आठ महिन्यांत ती चाळीस टक्क्यांवरून थेट बंद पडायला लागली. दुसऱ्या वेळी अस्सल घेतली, ती अजून ठीक आहे. जुळणाऱ्यांतही चांगल्या असतात, पण त्या ओळखण्याचं साधन आपल्याकडे नसतं, म्हणून ज्या लॅपटॉपवर अजून तीन वर्षं काढायची आहेत त्याला अस्सलच घ्या. वर्षभरात बदलायचा असेल आणि बॅटरी फुगलेली नसेल, तर आहे ती चालवा.

एक गोष्ट आडतवाल्यांसाठी. वळवाच्या पावसात लाईट जाते-येते, तेव्हा चालू बॅटरी हाच तुमचा यूपीएस असतो. ‘टेबलावरच असतो, बॅटरी कशाला’ असं म्हणून मेलेली बॅटरी ठेवली, तर अर्धी लिहिलेली पट्टी झटक्यात जाते. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी लवकर म्हातारी करतात: उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज. बऱ्याच लॅपटॉपना कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची मर्यादा मिळते. टेबलावरच्या लॅपटॉपला ती लावा. कॉलेजला घेऊन जाणाऱ्या मुलाला ती सोयीची नाही, त्याने पूर्ण भरून न्यावा.

झाकण उघडण्यापूर्वी नव्या यंत्राचा हिशेबही करा. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे नियमित अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचं, आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. आमचे दोन्ही त्यात काठावर बसले, म्हणून त्यांच्यावर खर्च केला. सहाव्या-सातव्या पिढीचा असेल आणि त्यावर बँकेची, जीएसटीची कामं होत असतील, तर साफसफाईपलीकडे पैसे घालू नका, नव्यासाठी साठवा. बिजागरी तुटून बॉडी फुटली असेल किंवा मदरबोर्ड गेला असेल तरीही तेच.

वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या केंद्रातच जा. संपली असेल तर गावातला कारागीर पुरतो, फक्त समोर उघडायला सांगा आणि आधी डेटाची प्रत काढा. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर लॅपटॉपवाल्याकडे जाण्याआधी वायरमन बोलवून अर्थिंग तपासून घ्या.

आडतीतला लॅपटॉप आता वर्षातून दोनदा उघडतो, जानेवारीत सौद्यांची गर्दी सुरू होण्याआधी आणि मे संपताना. घरचा दोन वर्षांतून एकदा पुरतो. आणि तो कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवत नाही, माळ्यावर ठेवतो.